मी पुढे वाकले नव्हते

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. चुका दिसतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चार माणसांत तोंड उघडायची मला पहिल्यापासून लाज. लिहायची सवय लागली ती जबडा मोडल्यावर, कारण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या कोणाच्या तोंडाला जबडा बांधायच्या तारा बसल्या आणि ही पानं त्याच्या हाती लागली, तर थोडाफार उपयोग व्हावा.

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा फोटो उजेडावर धरला. ओपीजी म्हणतात त्या फोटोला. यंत्र आपल्या तोंडाभोवती फिरतं आणि जबडा सगळा एका ओळीत दिसतो. मला त्यात नुसते दात दिसले, कोणी कणीस सोलून ठेवावं तसे. डॉक्टर म्हणाले, "मँडिबल फ्रॅक्चर. दोन ठिकाणी." मँडिबल म्हणजे खालचा जबडा. एक मोड हनुवटीजवळ होता, एक उजव्या कानाखाली. नाकाचं हाड वाकलं होतं. वरचे पुढचे दोन दात गाडीतच कुठेतरी राहिले.

मग त्यांनी विचारलं, "सीट बेल्ट लावला होता?"

मी बोलायला गेले तर तोंडातून नुसती लाळ आणि रक्त आलं. माझ्या वतीनं दाजी बोलले, "नाय ओ डॉक्टर. वैनींना गाडी लागते. उलटीला पुढं वाकल्या होत्या, नेमका त्याच टायमाला ब्रेक लागला."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मीही मान हलवली होती, नाही म्हणून. पण हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधलेली. दुखण्यानं हलली असं सगळ्यांना वाटलं.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. शहापूरला त्यांचं पत्र्याचं आणि सिमेंटचं दुकान आहे. आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला. आमच्या घरात दाजींचा शब्द कोणी मोडत नाही. ते जावई आहेत. ताटात पहिली भाकरी त्यांची, खाटेवर चादर बदलायची ती त्यांच्यासाठी. त्या वर्षी त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली आणि सासूबाईंच्या माहेरी साखरपुडा निघाला म्हणून आम्हाला धसईला नेलं. मागे सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आणि नणंद. मी पुढे दाजींच्या शेजारी, कारण मला गाडी लागते हे सगळ्या गावाला माहीत. एसटीत सुद्धा मला खिडकीच लागते. हातात लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन मी बसले होते. आमचे हे कारखान्यात ड्युटीवर होते, ते आले नव्हते.

जाताना काही झालं नाही. येताना दुपारी मुरबाडच्या नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली. पट्ट्याची सक्ती तेव्हा आमच्याकडे नवी होती.

"शेठ, पट्टा कुठाय?"

"आहे ना साहेब. हा काय."

"आहे तर लावा ना. खुंटीला टांगायला दिलाय काय?"

दाजी हसले आणि पट्टा ओढून लावला. हवालदार म्हणाला, "आज सोडतो. पुढं सरळगावला आमचीच माणसं उभी हायेत, ती नाय सोडायची." मग वाकून माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमी पण लावा. पावती यांची फाटंल, डोकं तुमचं फुटंल."

मी लावला. पहिल्यांदाच लावत होते. तो बरोबर छातीवरून येतो, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यावरून पदर घेतला. पण खटका बसला आणि अंग हलायचं थांबलं. पोटातलं ढवळणं पण जरा बसलं. मला तो बरा वाटला. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

मुरबाडचा बाजार मागे पडला तसे दाजी म्हणाले, "वैनी, काढा आता. हवालदार ऱ्हायला मागं."

मी पट्टा धरून बसले.

"मला सरळगावपर्यंत ठेवायला लागंल, पावती माझी फाटनार. तुमाला कोण इचारतो? का माझ्या हाताचा भरवसा नाय?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "काढ गो. जावयाच्या गाडीत बसून दावं काय लावून घेतेस गुरासारखं. त्यांना काय वाटंल?"

दाजी हसून म्हणाले, "बघा, मामी पण सांगतात."

मी खटका दाबला. पट्टा सर्रकन वर निघून गेला.

सरळगाव यायच्या आधी उजवीकडच्या खाचरातून एक म्हैस रस्त्यावर आली. दाजींनी ब्रेक मारला, चाक वळवलं, गाडी मोरीच्या कठड्याला जाऊन आपटली. गाडी जोरात नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं जोरात असली तरच माणूस मोडतो. मी ताठ बसले होते, लिंबू हातात होतं. समोरची फळी माझ्याकडे आली असं वाटलं. म्हैस आमच्याकडे बघत उभी होती, एवढं दिसलं.

सासूबाईंचा हात मुरगळला. नणंदेच्या गुडघ्याला मार लागला. दाजींच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत लाल पट्टा उठला, बाकी ओरखडाही नाही. दंडाच्या भीतीनं ते वाचले.

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात टाके घातले, पट्टी बांधली आणि कल्याणला न्यायला सांगितलं. दाजींनीच दुसरी गाडी केली, दाजीच बरोबर आले. त्यांनी धावपळ केली हे खरं आहे आणि ते मी लिहिणारच. आमचे हे ड्युटीवरून तसेच आले. त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास होता. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि भिंतीकडे वळले.

बोलता येत नव्हतं म्हणून यांनी पाटी आणि पेन्सिल आणून दिली. मी पहिला शब्द लिहिला, 'पानी'. हे म्हणाले, "बाणातला ण गो. मास्तरानं फुकट पगार खाल्ला." मला हसू आलं आणि हसताना इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं. तेवढाच एक हसण्याचा क्षण मला त्या दवाखान्यातला आठवतो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. संध्याकाळी हे एकटे बसलेले बघून मी पाटीवर लिहिलं, 'मी वाकले नव्हते. पट्टा लावला होता. दाजींनी काढायला लावला.' एवढं लिहायला मला खूप वेळ लागला. पाटी भरली.

यांनी वाचलं. परत वाचलं. मग दाराकडे बघितलं आणि हाताच्या पंजानं पाटी पुसली.

"आत्ताच खाली पैसे भरलेत त्यांनी," हे हळू आवाजात म्हणाले. "कानावर गेलं तर उद्याचं ऑपरेशन कोन करंल? आपल्याकडं हाय का काय? फिटले की बोल काय ते. तवर नको."

मी पाटी घेतली आणि लिहिलं, 'खोटं आहे ते.'

तेही यांनी पुसलं. त्यांचा हात पांढरा झाला होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी मला वाचवायलाच पुसलं. पण पुसलं.

ऑपरेशनचं नाव इंटरमॅक्सिलरी फिक्सेशन. म्हणजे वरच्या दातांना एक धातूची पट्टी, खालच्या दातांना एक, आणि दोन्ही पट्ट्या तारांनी एकमेकींना आवळून टाकायच्या. जबडा बंद राहिला की हाड आपोआप सांधतं. मोडलेल्या पायाला प्लास्टर असतं, तसं हे तोंडाचं. शुद्धीवर आले तेव्हा दात घट्ट मिटलेले आणि जीभ आत कोंडलेली. पहिल्या दिवशी श्वास कोंडतोय असं वाटतं. कोंडत नाही, नाकानं हळूहळू घ्यायचा. ज्यांना हे भोगायचं आहे त्यांनी हे आधीच ऐकून ठेवावं, म्हणजे घाबरायला होत नाही.

माझ्या खाटेच्या दांडीला सिस्टरनं दोरीनं तार कापायची पकड बांधली. मला वाटलं, कोणी सुतार विसरून गेला. सिस्टर म्हणाली, "ही तुमच्याजवळून हलवायची नाही. उलटी आली तर तोंड उघडणार नाही, ती श्वासनळीत जाईल. पहिलं मान खाली घालून बाजूला वळायचं. तरी आली तर ह्या उभ्या तारा कापायच्या. विचार करत बसायचं नाही." यांना तिनं कुठल्या तारा ते बोट लावून दाखवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा यांच्याकडून म्हणून घेतलं.

मला गाडी लागते. आणि गाव तिथून किती लांब.

सोडायच्या आधी डॉक्टरांनी मला समजावलं. ते मोठे शांत होते. म्हणाले, "बाई, तुमचे दोन अपघात झाले. गाडी कठड्यावर आपटली, तो पहिला. मग गाडी थांबली, पण तुमचं अंग थांबलं नाही, ते गाडीवर आपटलं. तो दुसरा. पहिला कोणाच्या हातात नसतो. दुसरा तुम्ही टाळू शकला असता. पुढच्या वेळी उलटी आली तरी बेल्ट काढू नका."

दाजी बाजूलाच उभे होते. म्हणाले, "सांगा डॉक्टर, सांगा. बायकांना कळत नाय."

माझ्या मांडीवर पाटी होती. पेन्सिल होती. बिल अजून भरायचं होतं.

घरी न्यायला दाजींनी भाड्याची जीप आणली. मी पुढे बसले आणि पट्टा शोधायला हात मागे नेला. तिथे नुसता कापलेला तुकडा लोंबत होता. ड्रायव्हर म्हणाला, "तो कापला ताई. पुढं चार बसवतो ना, चौथ्याला टोचायचा." मी यांच्याकडे बघितलं. हे मागे बसले होते, मुठीत पकड घट्ट धरून. डॉक्टरांनी उलटी होऊ नये म्हणून गोळी वाटून पाण्यातून दिली होती. मी डोळे मिटले आणि नाकानं श्वास घेत राहिले. शहापूरच्या पुढे एकदा घशाशी आलं. मी हात वर केला. जीप थांबली, हे उडी मारून आले. मी मान खाली घातली, लाळ गळू दिली, श्वास घेतला. गेलं खाली. यांनी घाईत पकड अशी धरली होती की तारेऐवजी माझा ओठच कापला असता.

पुढचे आठवडे मी पेजेवर काढले. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, डाळीचं पाणी, सगळं फडक्यातून गाळून. मागच्या दाढेच्या पाठीमागे थोडी फट असते, तिथून नळीनं ओढायचं. एक शीत आलं तरी तारेत अडकतं आणि मग दिवसभर वास येतो. मिठाच्या कोमट पाण्यानं सारखं धुवायचं, आळस करायचा नाही. तारांची टोकं गालाला टोचतात, त्यावर मेण लावायला मिळतं, ते मागून घ्या. चोळीतून हाडं दिसायला लागतात, त्याला घाबरू नका. आंब्याचे दिवस होते. घरात रस निघायचा आणि मी त्याचं गाळलेलं पाणी प्यायची.

बघायला माणसं यायची. सासूबाई प्रत्येकाला सांगायच्या, "गाडी लागते ना हिला. वाकली उलटीला." माणसं म्हणायची, "आरं आरं. वाकायचं कशाला? पिशवी तोंडाला लावायची." मी शेजारी बसून ऐकायची. एक म्हातारी तर मला म्हणाली, "जावयानं लाखाची गाडी मोडली गो तुज्यापायी."

तारा काढल्या त्या दिवशी तोंड एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. त्याला ट्रिसमस म्हणतात, म्हणजे जबड्याचे स्नायू आखडतात. आईसक्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज एक वाढवायची. दुखतं. तरी करायचं. मी केलं. भाकरीचा पहिला घास पाण्यात भिजवून खाल्ला, तेव्हा मला माझ्याच तोंडाचं नवल वाटलं. पुढचे दात नव्हते, शब्द वाकडे यायचे, पण यायचे.

तोंड उघडलं म्हणून बोलता आलं असं नाही. पैसे फिटले नव्हते.

दाजींनी कधी मागितले नाहीत. तो त्यांचा मोठेपणा, असं घरात सगळे म्हणत. मागितले असते तर बरं झालं असतं. प्रत्येक लग्नात, बारशाला, ते गाडीच्या दाराशी उभे राहून ओरडायचे, "वैनींना पिशवी द्या रे कोनीतरी! नायतर परत माझी गाडी मोडतील." सगळे हसायचे. यांना पण हसायला लागायचं. मी पदर तोंडाला लावायची, दात दिसू नयेत म्हणून. लोकांना वाटायचं लाजली.

मग शहापूरला रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. मंडप, माईक, पोलीस साहेब. दुकानदार म्हणून दाजींना बोलावलं होतं आणि घरच्यांनी यावं म्हणून त्यांनी आम्हाला पण नेलं. मी बायकांच्या रांगेत बसले होते. दाजी माईकवर म्हणाले, "मित्रांनो, मी आज तुमच्यासमोर उभा आहे तो ह्या पट्ट्यामुळे. माझ्या शेजारी आमच्या वहिनी होत्या. त्यांनी लावला नव्हता. त्यांची काय अवस्था झाली ते त्यांनाच विचारा." आणि हात माझ्याकडे केला. सगळी माणसं वळून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. टाळ्या वाजल्या. पोलीस साहेबांनी दाजींना नारळ दिला.

त्यांचं भाषण ऐकून चार जणांनी पट्टा लावला असेल तर ते चांगलंच झालं. माझा राग त्यावर नाही. पट्टा लावावाच. पण ते 'त्यांनाच विचारा' म्हणाले, आणि विचारलं कोणीच नाही.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "किती राहिलेत?" हे बघतच राहिले, कारण मी कधी पैशाचं विचारलं नव्हतं. त्या पावसाळ्यापासून मी आमच्या तुकड्यात भेंडी आणि काकडी लावली आणि स्वतः किन्हवलीच्या बाजारात जाऊन बसले. लाजाळू बाईनं बाजारात बसणं म्हणजे काय ते मलाच माहीत. पहिल्या दिवशी भाव सांगताना आवाज फुटेना. गिऱ्हाईक म्हणालं, "मुकी हाय काय?" मी भाव सांगितला. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं सांगितला. यांनी सुट्टीच्या दिवशी पण ड्युटी धरली. दात बसवायचे राहिले ते राहिलेच, आधी तिकडचं.

मध्येच एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. गाडीत बसलात की पट्टा लावा. पुढे बसा नाहीतर मागे. जावई चालवो, भाऊ चालवो, गावचा सरपंच चालवो. तो म्हणेल माझा भरवसा नाही काय. त्याला सांगा, तुझा आहे, म्हशीचा नाही. छातीवरून येतो म्हणून लाजू नका. तारा बसल्यावर परके डॉक्टर तोंडात बोटं घालतात, तेव्हा कसली लाज राहते? आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे, पोरीसुनांना 'काढ गो' म्हणू नका.

शेवटची रक्कम द्यायला आम्ही दोघं शहापूरला दाजींच्या घरी गेलो. सासूबाई तेव्हा तिथेच राहायला होत्या. नणंदेनं चहा टाकला. यांनी रुमालातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"आरं, कशाला?" दाजी म्हणाले. "आपल्यात कसला हिशोब?" असं म्हणत त्यांनी नोटा उचलल्या आणि अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या. मोजून झाल्यावर म्हणाले, "चला, फिटलं सगळं. आता जेवूनच जा. वैनी, गाडीनं सोडतो संध्याकाळी. पिशवी आणलीय ना?"

सासूबाई हसल्या. हे पण हसायला निघाले होते.

मी म्हटलं, "दाजी, मी उलटीला वाकले नव्हते. मी पट्टा लावला होता. तो तुमी काढायला लावलात. आत्या मागून काढ म्हणाल्या. तुमचा तुमी ठेवलात, पावती फाटंल म्हनून."

एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. माझी जीभ दातांच्या जागेत अडखळली, पण सगळं आलं.

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. नणंद चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "खरं हाय ते. मी मागंच होती ना." बस, एवढंच. ट्रे ठेवून आत गेली. इतकी वर्षं तिला पण कोणी विचारलं नव्हतं.

दाजींचं तोंड लाल झालं. मग ते यांच्याकडे बघून हसले. "बघा, पैसे फिटले तशी वैनीला वाचा फुटली."

"हो दाजी," मी म्हटलं. "त्यासाठीच फेडले."

दाजींनी नोटा परत हातात घेतल्या आणि मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. आम्ही बसून होतो. नोटा पुऱ्या होत्या.